बिनओसरीचं घर

गाडी अंगणात येऊन थांबली, पण व्हर्डी लेडबेटर काही खाली उतरली नाही.

आर्लिसने डिकीतून वॉकर काढला, त्याचे पाय उघडले, आईच्या बाजूचं दार उघडून तो तिच्यासमोर ठेवला आणि हात पुढे केला. आईने त्या हाताकडे बघितलंच नाही. ती समोर बघत होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डोक्यावर चर्चला घालायची निळी टोपी. सकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत नवऱ्याच्या, होबार्टच्या, कबरीच्या नव्याकोऱ्या दगडापाशी पिओनीची फुलं ठेवतानाही ती अशीच ताठ होती. तिथे मांडलेल्या लांबलचक टेबलांवरची तळलेली कोंबडी, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग, सगळ्यांनी आग्रह करकरून वाढलं होतं, आणि तिने ताटाला हातसुद्धा लावला नव्हता. एवढंच म्हणाली होती, चला आता घरी.

आर्लिसची बहीण नेडीन घराच्या दारात उभी होती. नव्या दारात. तिच्या मागे कॉय, वय चाळिशीला टेकलं तरी घरातलं शेंडेफळच, हसू दाबत उभा होता.

"आता बघ," तो तिच्या कानाशी पुटपुटला. "आता बघ तिचं तोंड."

नेडीन बघतच होती.

"हे कुणाचं घर?" आईने विचारलं.

"कुणाचं म्हणजे? तुझंच," आर्लिस म्हणाला. "उतर बघू. ऊन लागतंय."

"माझ्या घराला ओसरी आहे."

कॉय पुढे धावला. "अगं तीच तर गंमत! ओसरीची खोली केलीय तुझ्यासाठी. आत ये तर खरी. एक पायरी नाही मध्ये. जमीन अशी सपाट की गोटी ठेवली तरी हलणार नाही. कोपऱ्यात न्हाणीघर, धरायला भिंतीला दांडे. आणि रंग नेडीनने दिलाय, तुला आवडतो तोच, लोण्यासारखा पिवळा."

"झोपाळा कुठाय?"

"गोठ्यात आहे. नीट झाकून ठेवलाय."

आईने मान डोलावली. मग हात लांब करून तिने गाडीचं दार ओढलं आणि लावून घेतलं. काच खालीच होती.

"आर्लिस, निघायचं झालं की सांग," ती म्हणाली. "मी बसलेय."

आता लेडबेटरांच्या घराची रीत ज्याला ठाऊक नाही त्याला वाटेल, म्हातारीचं डोकं फिरलं. पण त्या घराची रीतच जगावेगळी होती. होबार्ट आणि व्हर्डी लग्न करून ओझार्क डोंगरांतल्या या खोऱ्यात आले तेव्हा दोघांनी मिळून एकच खोली बांधली होती. ओकच्या ओल्या फळ्या, वर पत्रा, वर्षभराने झोपायला माळा, आणि पुढे-मागे ओसरी. खोली एवढीशी आणि ओसऱ्या ऐसपैस. होबार्टचा भाऊ एनिस तेव्हापासून म्हणत आला होता की आमच्या भावाने टोपी शिवायला घेतली आणि नुसता काठच शिवून बसला.

मग आर्लिस झाला. मागच्या ओसरीला भिंती आल्या आणि ती आर्लिसची खोली झाली, आणि तिच्या मागे नवी ओसरी उभी राहिली. नेडीन झाली तेव्हा ती नवी ओसरी नेडीनची खोली झाली आणि तिच्या मागे आणखी एक आली. कॉयच्या वेळी तेच. शेवटची ओसरी न्हाणीघर झाली, कारण तिच्यापुढे ओढा होता आणि ओढ्यात ओसरी बांधणं होबार्टलाही जमलं नसतं. ओसरी घरापेक्षा एक पायरी खाली असते आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून तिची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती असते. होबार्टने तो उतार कधी काढला नाही. त्यामुळे मोठ्या खोलीतून निघालेला चेंडू आर्लिसच्या खोलीतून नेडीनच्या, नेडीनच्या खोलीतून कॉयच्या, असा टप्पे खात थेट न्हाणीघरात जाऊन थांबायचा. मधल्या भिंतींतल्या खिडक्याही त्याने तशाच ठेवल्या होत्या. मोठ्या खोलीत उभं राहून मागच्या खिडकीतून बघितलं की तिन्ही पोरं आपापल्या खाटेवर झोपलेली एकामागे एक दिसायची. आई रोज रात्री कंदील वर करून तसं बघायची आणि मग माळ्याचा जिना चढायची. नेडीन पुष्कळदा झोपेचं सोंग घेऊन तो उजेड पापण्यांवर घ्यायची. तेवढं सुख तिला पुढे कुठल्याच घरात मिळालं नाही.

या सगळ्या बांधकामात होबार्टचा नियम एकच होता. आधी नवी ओसरी, मग जुनीला भिंत. घर एक दिवसही बिनओसरीचं राहता कामा नये. का, ते त्याने कधी सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायचा, तोंड बंद कर आणि फळी धर.

पुढची ओसरी मात्र कुणाच्याच वाट्याला गेली नव्हती. तिथे होबार्ट आणि व्हर्डी बसायचे. होबार्ट गेल्या शरदात गेला. जानेवारीत माळ्याच्या जिन्यावरून पडून व्हर्डीचं खुब्याचं हाड मोडलं, आणि आर्लिस तिला शहरात, लिटल रॉकला आपल्या घरी घेऊन गेला. तेव्हा दवाखान्यातच तिन्ही भावंडांचं ठरलं होतं. मे महिन्यात, कबरी सजवायच्या रविवारी, आईला इकडे आणायचं. तिने घर बघायचं आणि तिनेच सांगायचं, इथे राहायचं की लिटल रॉकला कायमचं. एकदा ती बोलली की पुन्हा कुणी तोंड उघडायचं नाही.

म्हणून तर अख्खा एप्रिल कॉय आणि नेडीन राबली होती. वॉकर घेऊन आईला मागच्या पायऱ्यांवरून न्हाणीघरात जाता येणार नव्हतं, माळा तर नाहीच नाही. उरली होती पुढची ओसरी. पाऊस काही थांबत नव्हता आणि लाकूड एकाच कामापुरतं होतं. नवी ओसरी जूनमध्ये बांधू, असं दोघं एकमेकांना सांगत होती. नेडीनला डॅडींचा नियम आठवत नव्हता असं नाही. पण रागवायला डॅडीच राहिले नाहीत, मग एवढं काय, असं तिच्या मनात आलं होतं आणि तिने ब्रश रंगात बुडवला होता.

"मी सांगत नव्हतो?" आर्लिस आत येऊन म्हणाला. त्याने टायची गाठ सैल केली. तो पोस्टात मोठ्या हुद्द्यावर होता आणि चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, डीकन, त्यामुळे कुठेही बोलला तरी थोडं प्रवचन व्हायचंच. "आजारी माणसाला असे धक्के द्यायचे नसतात. तिथे तिला सगळं आहे. डॉक्टर जवळ, ग्लेंडा दिवसभर घरात, गरम पाणी."

"इथेही गरम पाणी आहे," कॉय म्हणाला. "तो नळ बघ. तो मी बसवलाय."

"डावीकडचा की उजवीकडचा?"

"दोन्ही. का?"

"दोन्हींतून गारच येतंय."

"बंब पेटवला नाही अजून! तू आलास कधी, नळ सोडलास कधी? दोषच काढायला आलायस तू!"

"भांडू नका," नेडीन म्हणाली. "ती बाहेर गाडीत बसलीय आणि आपण नळाचं काय घेऊन बसलोय."

"नेडीन, तूच सांग तिला," कॉय म्हणाला. "तुझं ऐकते ती. एकदा आत पाऊल टाकलं ना, की बघ. हे दांडे बघितले, खिडकी बघितली, की विरघळेल."

आर्लिस हसला. "विरघळेल! आपली आई? तुला आई कळली नाही अजून."

"तुला कळली का? पाच महिने तिला पेटीत घालून ठेवलंयस तिकडे."

"मी ठेवलंय? तिचं हाड मोडलं तेव्हा तू कुठे होतास? तेलाच्या विहिरीवर, ओक्लाहोमात! फोन लागायला दोन दिवस!"

नेडीन त्यांना तसंच सोडून मोठ्या खोलीत गेली. तिथे आर्लिसची बायको ग्लेंडा बर्फाच्या चहाचे ग्लास भरत होती. ग्लेंडा लिटल रॉकची, आखीवरेखीव बाई. नेडीन आणि तिचं कधी फारसं जमलं नव्हतं. सासू आपल्या घरातून जाणार तर ग्लेंडाला सुटल्यासारखं होईल, किंवा नवऱ्याची बाजू घेऊन ती हट्टाने ठेवून घेईल, या दोन्हींपैकी काय होणार याचा नेडीन रस्ताभर अंदाज बांधत आली होती.

"त्या माझ्याकडे बूट काढत नाहीत," ग्लेंडा एकदम म्हणाली.

"काय?"

"सकाळी उठल्या की बूट घालतात आणि रात्री झोपतानाच काढतात. मी म्हटलं, आई, घरात कशाला, सपाता आणल्यात तुमच्यासाठी. तर म्हणतात, असू दे. निघायच्या तयारीत असल्यासारख्या." तिने चहाच्या ग्लासात लिंबाची फोड सोडली. "आणि दुपारी कुठे बसतात माहितीय? गाडीच्या शेडमध्ये. घडीची खुर्ची टाकून. समोर रस्ता, शेजारी आर्लिसची गाडी, खाली तेलाचे डाग. शेजारीण मला विचारते, तुझ्या सासूला घरात घेत नाहीस का गं? मला इतकं लाजल्यासारखं झालं! मी आर्लिसला सांगितलं. तो म्हणतो, तिला हवा लागते. तुमच्या भावाला सांगायचं तरी कसं, की त्या हवेसाठी बसत नाहीत."

"कशासाठी बसते मग?"

"ते मला काय माहीत? मी ओसरीच्या घरात वाढले नाही. तुम्ही वाढलात."

नेडीनने तिच्या हातातला एक ग्लास घेतला आणि बाहेर गेली.

अंगणात एनिस काका आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर पाय लोंबकळत बसला होता. मांडीवर ऱ्हुबार्बच्या आंबट देठांच्या गोड पुडिंगचं ताट होतं. ऐंशी ओलांडली तरी त्याची भूक आणि जीभ दोन्ही शाबूत होत्या.

"उतरत नाही वाटतं राणीसाहेब," तो म्हणाला. "मी विचारून आलो. म्हणाली, एनिस, तू तुझं खा."

"काका, आता तरी चेष्टा नको."

"चेष्टा कुठली. तुमच्या त्या खोलीकडे बघितलं की मलाच सुचत नाही कुठे बसावं. पन्नास वर्षं या घरी येतोय, बूट पुसायला जागा असायची. आता गाडीवर बसून खातोय."

नेडीन गाडीच्या दुसऱ्या बाजूने आत शिरली आणि आईशेजारी बसली. मायलेकींच्या समोर घर होतं. पुढची सगळी बाजू नव्या पांढऱ्या फळ्यांनी मिटलेली. आता तिथून बघताना नेडीनलाही ते ओळखीचं वाटेना.

"रागावलीस?"

"नाही गं." आईने चहाचा घोट घेतला. "साखर कमी आहे. ग्लेंडाने केलाय का?"

"हो."

"चांगली आहे पोरगी. साखरेला फार भिते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "रंग छान दिलायस. खिडकीतून दिसतोय. कॉयने काम नीट केलंय. त्याला सांग, आई म्हणाली."

"तूच सांग ना. आत ये आणि सांग."

नेडीनने वाट बघितली. शाळेच्या स्वयंपाकघरात रोज शेकडो पोरांना वाढताना ती एवढं शिकली होती की रडवेल्या पोराला विचारत राहिलं तर ते बोलत नाही.

"तिकडून निघताना मी मनाशी ठरवलं होतं," आई म्हणाली. "पहिल्या दिवशी आत जायचं नाही. नुसतं ओसरीवर बसायचं. तो आत नसणार हे काय मला ठाऊक नाही? मीच त्याचे डोळे मिटलेत. पण ठाऊक असणं वेगळं आणि दार उघडून रिकामी खुर्ची बघणं वेगळं. म्हटलं, आधी ओसरीवर बसू. दार उघडं ठेवू. आतलं घड्याळ ऐकू येईल, चुलीच्या राखेचा वास येईल. हळूहळू सवय होईल. वाटलं तर संध्याकाळी उठेन आणि आत जाईन. नाही वाटलं तर उद्या. नाहीतर परवा. मला कोण घाई करणार आहे? आणि बघते तर काय, गाडीतून पाय खाली ठेवला की थेट घरातच. मध्ये काही ठेवलंच नाहीत तुम्ही."

नेडीनच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. आपण आईसाठी दांडे लावले, पायऱ्या काढल्या, जमीन सपाट केली, आणि तिला एकाच गोष्टीची गरज होती ती फळ्या ठोकून बंद करून टाकली. ती ओठ चावत राहिली.

"रडू नकोस. तुला काय माहीत."

"डॅडींनी सांगितलं होतं. आधी नवी ओसरी. मला आठवत होतं, आई."

आई पहिल्यांदा तिच्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, थोडं खट्याळसुद्धा.

"तो नियम त्याचा नव्हता. माझा होता."

"तुझा?"

"आर्लिसच्या वेळी त्याने घाईघाईत आधी भिंतीच ठोकल्या. म्हणाला, मागची ओसरी पुढच्या वर्षी बघू. मी तेव्हा केवढी, सतरा वर्षांची. एक खोली, एक रडकं पोर, एक नवरा, आणि पावसाळी हवा. पुढच्या ओसरीवर सदा एनिस बसलेला. मला दोन पावलं बाहेर जायला जागाच राहिली नाही. घरातही आहे आणि घरात नाहीही, अशी जागा. एक दिवस पोराला पाळण्यात टाकलं आणि मी मक्याच्या शेतात जाऊन बसले. होबार्टने हाका मारून मारून घसा बसवला. संध्याकाळी मी परत आले आणि त्याला सांगितलं, पुन्हा असं केलंस तर मी शेतातच राहीन. त्यानंतर जन्मात त्याने ओसरीआधी भिंत घेतली नाही. तुम्ही विचारलंत की सांगायचा नाही, कारण मग शेताची गोष्ट सांगावी लागली असती."

नेडीन हसली आणि पुन्हा रडली. आईने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला. त्या रुमालाला अजून पिओनीचा वास होता.

आत परतल्यावर नेडीनने दोघा भावांना सगळं सांगितलं, शेताची गोष्ट सोडून. ती आईची होती.

आर्लिस खिडकीशी उभा होता.

"मग मी आत्ता बांधतो," कॉय म्हणाला. "ह्या खोलीच्या पुढे. फळ्या आणू कुठूनतरी. संध्याकाळपर्यंत चार खांब तरी उभे करतो, वर ताडपत्री टाकतो. चालेल ना ओसरी म्हणून?" त्याने हातोडी उचललीसुद्धा.

"आज रविवार आहे!" दारातून एनिस काका ओरडला. ताट घेऊन तो इथवर आलाच होता. "रविवारी या घरात खिळा ठोकला गेलेला नाही. होबार्ट उठून येईल, माहीत आहे ना? सकाळीच दगड बघून आलायस त्याचा."

"मग उद्या."

"उद्या आर्लिस लिटल रॉकला असेल," नेडीन म्हणाली. "आणि आई त्याच्या गाडीत बसलीय."

सगळ्यांना कळत होतं की उपाय एकच आहे, आणि तो सांगायचा कुणी हा प्रश्न होता. नेडीन नव्या भिंतीकडे बघत होती. कॉयने ते पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "नाही हं, नेडीन."

"कॉय..."

"तुम्ही दोघांनी डॅडींच्या हाताखाली हे घर बांधलंय. फळ्या धरल्यात, शिव्या खाल्ल्यात. माझ्या खोलीच्या वेळी मी पाळण्यात होतो. मी मोठा झालो तोवर सगळं बांधून झालं होतं, वर ओढा आडवा आला. घरात मी बांधलेलं हे एवढंच आहे." त्याचा आवाज चिरकला आणि त्याला त्याचीच लाज वाटली. "तेही काढायला सांगताय."

आर्लिस पुढे आला. नेडीनला वाटलं, आता हा म्हणणार, राहू दे भिंत, आईला मी नेतो. एवढं म्हटलं असतं तर तो जिंकला असता आणि कुणी बोट दाखवलं नसतं.

आर्लिसने कोट काढला आणि ग्लेंडाच्या हातात दिला. मग टाय.

"ती आमच्याकडे गाडीच्या शेडमध्ये बसते," तो म्हणाला. "मला वाटायचं हवेसाठी." त्याने बाह्या दुमडल्या. "कॉय, कटावणी कुठाय?"

"डीकनसाहेब, रविवार!" एनिस काका म्हणाला.

"काका, डॅडी म्हणायचे रविवारी खिळा ठोकायचा नाही. काढायचा नाही असं कधी म्हणाल्याचं तुम्ही ऐकलंत?"

एनिस काकाने चमचा तोंडात धरून विचार केला. "नाही बुवा. तसं काही म्हणाला नाही तो."

कॉय गोठ्यात गेला, दोन कटावण्या घेऊन आला, एक आर्लिसला दिली. "पहिली फळी मी काढणार," तो म्हणाला. "माझी आहे ती."

ओल्या ओकमधून खिळे निघताना असे किंचाळले की ओढ्यापलीकडची कुत्री भुंकायला लागली. आर्लिस घामाघूम झाला.

"अरे, एका फळीला एवढे खिळे? भिंत बांधत होतास की तुरुंग?"

"आईची खोली म्हणून घट्ट ठोकलेत."

"दिसतंय ते. आणि ही जमीन सपाट! पावसाचं पाणी कुठे जाईल?"

"खोलीत पाऊस पडत नाही."

"आता पडेल."

"मग उद्या उतार काढतो, झालं? तू ये धरायला."

"येईन," आर्लिस म्हणाला, आणि कॉयने हातातलं काम थांबवून त्याच्याकडे बघितलं. "उद्या नाही. शनिवारी येईन."

ग्लेंडाने फळ्या एकावर एक रचल्या, तिच्या पांढऱ्या हातमोज्यांची पार वाट लागली. न्हाणीघराची कोपऱ्यातली खोली तशीच ठेवायचं ठरलं. कॉयने मोठ्या खोलीतून तिला दार काढलेलंच होतं. नेडीनने आपल्या हाताने दिलेला पिवळा रंग फळीफळीने बाहेर जाताना बघितला आणि तिला फारसं वाईट वाटलं नाही.

"पण मग आई झोपणार कुठे?" ग्लेंडाने विचारलं.

"मोठ्या खोलीत," गाडीतून आवाज आला. काच खाली होती आणि म्हातारीचे कान अजून तिखट होते. "चुलीपाशी खाट टाका. लग्नाच्या वर्षी तिथेच झोपत होतो आम्ही, माळा व्हायच्या आधी."

"पण आई, ती खोली सगळ्यांच्या येण्याजाण्याची. तुम्हाला निवांत कसं मिळणार?"

"येजा करायला आता उरलंय कोण, ग्लेंडा? नेडीन येईल सुट्टीत, ती एकटी काय धुडगूस घालणार आहे?"

कॉयने पुढची फळी उपटली.

शेवटची चौकट निघाली आणि ऊन घराच्या दारापर्यंत आत आलं. आर्लिसने स्वयंपाकघरातली पाठ असलेली खुर्ची आणून ठेवली. मग तो गाडीपाशी गेला, आणि या वेळी आईने त्याचा हात धरला.

वॉकरने अंगण पार करायला तिला वेळ लागला. कुणी घाई केली नाही. ती खुर्चीत बसली, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग वाकली, हळूहळू बुटांच्या नाड्या सोडल्या आणि दोन्ही बूट पायातून काढून खुर्चीखाली सारले. ग्लेंडाने नेडीनचा हात घट्ट धरला.

सगळे मिळेल तिथे बसले. एनिस काका ओसरीच्या कडेवर, कॉय खांबाला टेकून. दार उघडंच होतं. आतल्या घड्याळाची टकटक बाहेर येत होती. आई मध्येच उघड्या दाराकडे बघायची, मग पुन्हा अंगणाकडे. नेडीनला वाटलं, विचारावं. राहणार ना? विचारायची हिंमत झाली नाही. तिने मनातल्या मनात होबार्टलाच विनवलं, डॅडी, काहीतरी करा.

सूर्य टेकडीला लागला तसा आर्लिस उठला. "मला अंधाराआधी घाट उतरायला हवा," तो म्हणाला. आई त्याच्याकडे बघत होती. तो गाडीपाशी गेला, डिकी उघडली, आईची तपकिरी बॅग काढली. लिटल रॉकला नेली होती तीच, पाच महिन्यांत कधी पुरती रिकामी न झालेली. ती आणून त्याने ओसरीच्या कडेला ठेवली.

"इथे ठेवतो," तो म्हणाला. त्याचा प्रवचनाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "तू ठरव, आई. परत गाडीत ठेव म्हणालीस तर ठेवतो."

आईने बॅगकडे बघितलं. मग उघड्या दाराकडे.

"आर्लिस."

"हं?"

"ती बाहेर कशाला ठेवलीस? मी काय पाहुणी आहे?" तिने दोन्ही हातांनी वॉकर धरला आणि उठायला जोर लावला. "आत ने, चुलीपाशी ठेव. मी आलेच मागून."